खोडाळ्यापर्यंत न पोचलेली बातमी

कसाऱ्याहून आलेली शेवटची जीप तुम्हाला खोडाळ्याच्या नाक्यावर उतरवते आणि मागचा एकुलता लाल दिवा मिरवत मोखाड्याच्या दिशेने निघून जाते. १० मे २०२४, शुक्रवार, रात्रीचे साडेनऊ. आज अक्षय तृतीया, म्हणजे आसपासच्या पाड्यांवर लग्नं. कुठूनतरी डीजेचा दणका येतोय. वारा फिरला की त्याखालून बायकांच्या गाण्याचा सूर ऐकू येतो. एखाद्या वारली घराच्या भिंतीवर आज तांदळाच्या पिठाने चौक लिहिला गेला असेल, आणि त्यात रिवाजाप्रमाणे सूर्य आणि चंद्र दोघेही असतील.

बंद होत आलेल्या टपरीवर तुम्ही चहा सांगता. फोनला रेंजची एक दांडी येते आणि तेवढ्या फटीतून एक मेसेज घुसतो. आज रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाईल बंद ठेवा, उशाशी घेऊन झोपू नका, पृथ्वीजवळून वैश्विक किरण जाणार आहेत, सिंगापूरच्या टीव्हीवर सांगितलंय, खात्री करायची तर नासा आणि बीबीसी बघा. खाली हात जोडलेले.

टपरीवाले काका तुमच्या चेहऱ्याकडे बघून हसतात. "साडेबाराचा का? तो दरसाल येतो. बंद करून टाका, बॅटरी तरी वाचंल."

काकांचं म्हणणं बरोबर आहे. हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय, आणि त्यात शब्दभर खरं नाही. पण लांडगा आला रे आला म्हणून ओरडणाऱ्या पोराच्या गोष्टीत एक दिवस लांडगा खरंच येतो, तो दिवस नेमका आजचा. सूर्यावर पृथ्वीच्या सुमारे पंधरापट रुंदीचा डागांचा पुंजका आहे. त्याने गेल्या दोन-तीन दिवसांत विद्युतभारित वायूचे ढग एकामागून एक पृथ्वीकडे फेकलेत. तासाभरात, साडेदहाच्या सुमाराला, त्यातला पहिला धक्का तुमच्या डोक्यावर येऊन आदळणार आहे. गेल्या वीस वर्षांतलं सर्वांत मोठं चुंबकीय वादळ.

तुम्ही वर बघता. तृतीयेची कोर मावळलेली. चांदण्या जागच्या जागी. काहीच होत नाही.

एवढ्या मोठ्या गोष्टीची बातमी इथे कशी पोचते, आणि पोचते तेव्हा तिचं काय होऊन बसलेलं असतं, हे बघायचं असेल तर चहाचे पैसे द्या आणि सूर्यमाळच्या रस्त्याला लागा. पहिल्या वळणावर मोबाईलचा मनोरा नाहीसा होईल. दुसऱ्यावर विजेचे खांब जातील. तिसऱ्या वळणापुढे पायाखालचं डांबर संपेल आणि तुमचा बूट घोट्यापर्यंत चिखलात रुतेल. घाबरू नका, फक्त ऋतू बदललाय.

पाऊस पडतोय. झोडपणारा नव्हे, भाद्रपदातला, दाट धुक्यासारखा. १ सप्टेंबर १८५९, गुरुवार, दुपारचे चार वाजून गेलेत. या डोंगराळ मुलखाला कोळवण म्हणतात. पलीकडे जव्हारला मुकणे राजांचं संस्थान, इकडे कंपनी जाऊन राणीचा अंमल सुरू झालेला, त्याला जेमतेम वर्ष होईल. उतारावर नागली हिरवीगार उभी आहे. डोक्यावर इरलं घेतलेली एक बाई बांधावरून जाते आणि तुमच्या कपड्यांकडे बघून पाऊल उचलते. इथे एकही तार नाही. इंग्रजांनी मुंबई आणि कलकत्ता तारेने जोडलेत, पण ती तार आग्रा रोडला धरून घाट चढते, खोडाळ्याला वळसा घालून. आगगाडी वाशिंदपर्यंतच येते. वर्तमानपत्र इथे आलंच तर मीठ बांधलेल्या पुडीच्या रूपात.

याच क्षणी इंग्लंडमध्ये सकाळचे सव्वाअकरा वाजलेत. लंडनच्या दक्षिणेला रेडहिल इथे रिचर्ड कॅरिंग्टन नावाचा गृहस्थ सूर्याची प्रतिमा पडद्यावर पाडून डागांचं चित्र काढत बसलाय. डागांच्या मोठ्या पुंजक्यात अचानक पांढऱ्याशुभ्र प्रकाशाचे दोन ठिपके पेटतात. साक्षीला कुणीतरी असावं म्हणून तो उठून धावतो. मिनिटाच्या आत परत येतो, तर ठिपके विझत चाललेले. सगळा खेळ पाच मिनिटांचा. तोच सूर्य तुमच्या डोक्यावर आहे, पण सूर्यमाळवर भाद्रपदात सूर्य दिसतो कुणाला?

तो प्रकाश आठ मिनिटांत आला आणि ढगांवर आपटून संपला. त्याच्या मागून निघालेल्या ढगाला पंधरा कोटी किलोमीटर कापायला साडेसतरा तास लागतील. तेवढ्यात रात्रभर चालून तुम्ही डोंगर उतराल, फार तर वाशिंद गाठाल, पण गाडी चुकेल. काळातून उडी मारता येतेय तर जागेतूनही मारा. कुलाब्याला या.

२ सप्टेंबर, शुक्रवारची सकाळ. गणपती नुकतेच बसलेत. तेव्हा ते घरातले पाहुणे होते, चौकातले झाले नव्हते. मुंबई बेटाच्या दक्षिण टोकाला, दीपगृहाच्या वाटेवर सरकारी वेधशाळा आहे. दारात किल्ल्यांचा जुडगा, चाकू, लोखंडाचं जे काही असेल ते काढून ठेवा. आत अंधूक उजेड, दमट हवा, आणि टांगलेल्या चुंबकपट्ट्या. पट्टी किती फिरली हे डोळ्यांनी कळत नाही. थोड्या अंतरावरच्या छोट्या दुर्बिणीतून मोजपट्टीवरचा आकडा वाचायचा असतो. दर तासाला एक हिंदी कारकून येतो, वाकतो, आकडा वाचतो, वहीत लिहितो आणि जातो. १८४१ पासून हे असंच चाललंय. जगात याहून कंटाळवाणी नोकरी शोधायला त्रास पडेल.

साडेनऊ-दहाच्या दरम्यान कारकून वाकतो आणि वाकलेलाच राहतो.

"पंत, जरा इकडे या."

दुसरा येतो, बघतो. पट्टी नेहमीच्या जागी नाही, आणि थांबायलाही तयार नाही. वेधशाळेचा नियम असा, की असं काही दिसलं तर तासाची वाट बघायची नाही. मग दर पंधरा मिनिटांनी आकडा, मग दर पाच मिनिटांनी. टाक दौतीत, डोळा दुर्बिणीला, टाक दौतीत. बोलणं बंद. अकराच्या सुमारास पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आडवा जोर कोसळतो. आजच्या मापाने सुमारे १६०० नॅनोटेस्ला, म्हणजे होता त्याच्या चार टक्क्यांच्या आसपास. चार टक्के ऐकून तुमची निराशा झाली असेल, तर एवढं लक्षात घ्या, की साधं चुंबकीय वादळ आपल्या अक्षांशावर ५० ते १०० नॅनोटेस्लांची घट दाखवतं. तास-दीड तासात सगळं खाली जातं आणि मग तितक्याच बेपर्वाईने वर यायला लागतं.

दुपारी कारकून घरी जाऊन मोदक खातात की नाही, मला माहीत नाही. पण त्यांनी त्या सकाळी लिहिलेले आकडे छापील खंडांत गेले आणि तिथे पडून राहिले. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेस यांच्यासह गुरबक्ष लखिना आणि शोभना अ‍ॅलेक्स या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ते आकडे बाहेर काढून पुन्हा मांडले. तेव्हा जगाला कळलं, की नोंदलेल्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या सौर वादळाचा खरा खोलपणा दाखवणारी नोंद लंडनमध्ये नव्हती, कुलाब्यात होती. ध्रुवाजवळच्या वेधशाळांत अशा वेळी आकाशातले प्रवाह एवढा गोंधळ घालतात, की मूळ वादळाचा आवाज त्यात बुडून जातो. वादळात पृथ्वीभोवती विषुववृत्ताच्या वर विद्युतप्रवाहाचं एक कडं तयार होतं, आणि ते स्वच्छ मोजायचं तर मुंबईसारखी खालच्या अक्षांशावरची जागा लागते.

अमेरिकेत त्या दिवसांत तारमास्तरांनी बॅटरी सोडवून ठेवली आणि आकाशातून तारेत उतरलेल्या प्रवाहावर संदेश पाठवले. क्यूबा आणि हवाईपर्यंत लोकांनी लाल आकाश पाहिलं. मुंबईत मात्र वादळ भर दिवसा, ढगाआड आलं. रस्त्यावर विचाराल तर काही झालंच नाही. खोडाळ्यात तर झालं नाहीच. वादळाला धरायला तिथे तारच नव्हती.

या खोलीतून निघण्याआधी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती कळल्यापासून मला गप्प बसवत नाही. या चुंबकपट्ट्यांचा कारभार सुरुवातीच्या वर्षांत ज्यांनी पाहिला, त्यांत एक होते जॉर्ज बुइस्ट, 'बॉम्बे टाइम्स'चे संपादक. आणि दुसरे बाळशास्त्री जांभेकर. होय, 'दर्पण'वाले. मराठी पत्रकारितेचा जनक आणि मुंबईतल्या इंग्रजी पत्राचा संपादक, दोघेही याच वेधशाळेत बसून गेलेत. बातमी आणि वेध एका छपराखाली राहत होते. इथेच वेधशाळेचे प्रमुख ऑर्लेबारसाहेब यांच्या हाताखाली वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास नोकरीला लागलेले केरो लक्ष्मण छत्रे पुढे पुण्याला गेले, ग्रहगणिताची कोष्टकं केली, सूर्यावरचे डाग आणि आपलं हवामान यांचा संबंध शोधू लागले, टिळकांना गणित शिकवलं. छत्रे अलिबागजवळच्या नागावचे. कुलाब्याची वेधशाळा पुढे अलिबागला गेली ती १९०४ ते १९०६ च्या दरम्यान, नानाभाई मूस संचालक असताना, आणि तिला पळवून लावलं ते मुंबईत येऊ घातलेल्या विजेच्या ट्रामने. ट्रामच्या प्रवाहाने सुया बिघडल्या असत्या. विजेच्या तारा वाढल्या की सूर्य ऐकू येईनासा होतो, हे शंभर वर्षांपूर्वी मुंबईने प्रत्यक्ष अनुभवलंय.

आता परत सूर्यमाळला. इथे फार थांबायचं नाही. ४ फेब्रुवारी १८७२, रविवार, पौष वद्य पक्ष. चंद्र उगवायला पहाट होईल, अंधार गडद आहे. थंडी आहे, शेकोटीभोवती चार माणसं बसलीत. उत्तरेकडे आकाशाच्या कडेला तांबूस छटा चढते. "वणवा असंल," एकजण म्हणतो. "राब भाजायला अजून दोन महिने हायेत," दुसरा म्हणतो. वणव्याचा उजेड हलतो, धूर येतो. हा हलत नाही, नुसता चढतो आणि थोड्या वेळाने विरतो. खोडाळ्याच्या या शेकोटीची नोंद कुठेही नाही, ती मी पेटवली. पण त्याच रात्री मुंबईत उत्तरध्रुवीय प्रकाश दिसल्याची बातमी दोन दिवसांनी, ६ फेब्रुवारीला, 'टाइम्स ऑफ इंडिया'त आली. तारायंत्रांवर परिणाम झाला, समुद्राखालून एडनकडे जाणाऱ्या तारेचं काम काही तास अडलं, हेही त्यात आलं. मुंबई-एडन तार टाकून दोन वर्षंच झाली होती. मला ती बातमी आदर्श वाटते. काय दिसलं, काय अडलं, किती वेळ. घाबरवलेलं नाही, नवस बोलायला सांगितलेलं नाही. खोडाळ्याला पोचली नाही एवढाच दोष. आणि ती ज्या तारेवरून पुढे जायची, तीच तार त्या रात्री आजारी होती.

चला, दोन वळणं खाली उतरा.

चिखल पुन्हा. हा जुलै, आवणीचे दिवस. ११ जुलै १९७९, बुधवार. गुडघाभर पाण्यात वाकलेल्या बायका चुडी लावतायत, पण गाणं नाही. बांधावर आश्रमशाळेचे गुरुजी ट्रान्झिस्टर कानाला लावून उभे. दिल्लीत यशवंतराव चव्हाणांनी मोरारजींच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव आणलाय, ती बातमी संपेपर्यंत कुणालाच रस नाही. मग गुरुजी हात वर करतात. सगळे थांबतात.

"स्कायलॅब आज पडणार."

"कुठं, गुरुजी?"

"ते त्यांना बी माहीत नाही."

पाड्यावर एका घरात कोंबड्या कापल्यात. कालपर्यंत अंड्यावर बसलेलीसुद्धा सुटली नाही. शेजारच्याने बकरी पडत्या भावात विकली. घेणाऱ्याने का घेतली, असा प्रश्न तुम्हाला पडतो. आकाश कोसळणारच असेल तर बकरी घेऊन तो काय करणार होता? प्रत्येक घबराटीत एक घेणारा असतोच, तो बहुतेक बातमी नीट ऐकून आलेला असतो. म्हातारा आजा मात्र पडवीत चिलीम ओढत बसलाय. "आभाळ पडतंय तर पडू दे," तो म्हणतो, "चुडी वाळाया नको."

हा प्रसंगही मीच रचलाय. पण खाऊन-पिऊन घ्या, जनावरं विकून टाका, असं त्या आठवड्यात महाराष्ट्रात आणि आंध्रात खेडोपाडी झाल्याच्या आठवणी त्या पिढीतला कुणीही सांगेल. राज्याराज्यांतल्या पोलिसांना सज्ज ठेवलं होतं. रात्री दहा वाजून गेल्यावर सत्त्याहत्तर टनांची ती अमेरिकी अवकाश प्रयोगशाळा हिंदी महासागरावर फुटली आणि तिचे तुकडे ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात, एस्परन्सच्या आसपास पडले. माणूस एकही दगावला नाही. दुसऱ्या दिवशी खोडाळ्यात, आणि खोडाळ्यासारख्या हजार गावांत, लोक एकमेकांकडे बघून हसले असतील. कोंबडी मात्र गेली ती गेली.

आता मला सांगा, स्कायलॅब पडली कशामुळे? हा प्रश्न मी त्या काळातल्या बऱ्याच जणांना विचारला. अमेरिकेचं यंत्र बिघडलं, इंधन संपलं, रशियाने पाडलं, अशी उत्तरं मिळाली. स्कायलॅब सूर्याने पाडली. १९७३ मध्ये सोडली तेव्हा ती १९८० च्या पुढेपर्यंत टिकेल असा हिशेब होता. पण सूर्य अपेक्षेपेक्षा जास्त खवळला. सूर्य खवळला की पृथ्वीच्या वातावरणाचा सर्वांत वरचा थर तापून फुगतो, कमी उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांना ती विरळ हवा घासते, आणि ते हळूहळू खाली घसरतात. त्यात गंमत अशी, की स्कायलॅबवर सूर्याचा अभ्यास करायची मोठी दुर्बीण होती आणि तिने सूर्याची तोवरची उत्तम चित्रं काढली होती. ज्याच्याकडे बघायला गेली, त्यानेच तिला ओढून खाली आणलं. महिनाभर रेडिओ, वर्तमानपत्रं, चावडी, एसटी स्टँड, सगळीकडे एकच विषय होता, आणि त्या सगळ्या गदारोळात सूर्याचं नाव गाळलं गेलं. सौर हालचालींच्या परिणामांवरची आपल्याकडची सर्वांत मोठी जनजागृती १९७९ मध्ये झाली, फक्त ती कशाबद्दल होती हे कुणालाच कळलं नाही.

हेच पुन्हा झालं, फेब्रुवारी २०२२ मध्ये, जेव्हा एका साध्या सौर वादळाने फुगलेल्या हवेत स्टारलिंकचे नुकतेच सोडलेले ४९ पैकी ३८ उपग्रह गेले. तेव्हा कुणी कोंबडी कापली नाही.

डांबर आलं. विजेचे खांब आले, मनोऱ्यावरचा लाल दिवा दिसायला लागला. टपरी अजून उघडीच आहे आणि तुमचा चहा कोमट झालाय. साडेदहा वाजून गेलेत. धक्का बसला. या वादळातलं काहीही तुमच्या शरीरातून आरपार गेलं नाही, पृथ्वीचं चुंबकत्व आणि डोक्यावरची हवा ही दोन छपरं शाबूत आहेत. फोन उशाशी घेऊन झोपलात तरी या वादळाने तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही. मध्यरात्रीनंतर लडाखमध्ये हानले इथल्या भारतीय वेधशाळेचा कॅमेरा क्षितिजाजवळ लाल उजेड टिपेल. ते चित्र उद्या सगळ्या वाहिन्यांवर दिसेल, आणि शेजारी ज्वाळांनी वेढलेल्या पृथ्वीचं, कुणीतरी संगणकावर काढलेलं दुसरं. अमेरिकेत पेरणीच्या ऐन हंगामात जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर जागीच थांबतील, कारण त्यांना सरी कुठे पाडायची ते उपग्रह सांगतो. नागलीला अजून उपग्रह लागत नाही.

अलिबागच्या वेधशाळेत आज रात्रीही सुई उतरतेय. या वेळची जगभरच्या सरासरीची घसरण ४०० नॅनोटेस्लांच्या घरात. कुलाब्याचा १६०० हा एका जागेचा, काही मिनिटांचा आकडा, त्यामुळे दोन्ही एका तराजूत घालणं बरोबर नाही. तरी १८५९ चं वादळ कितीतरी मोठं होतं, यावर दुमत नाही.

काका शटर अर्धं ओढून तुमच्या शेजारी बाकावर बसतात. तुम्ही जमेल तसं सांगता. ते शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, "मग आमचं काय बंद पडंल?"

हा प्रश्न कुठल्याच वाहिनीवर कुणी विचारला नव्हता. कॅनडातल्या क्वेबेकचं सांगून उपयोग नाही. १३ मार्च १९८९ ला अशाच वादळात तिथली वीज गेली, साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते, पण ते ध्रुवाच्या जवळ आणि आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ. आपल्याकडच्या वीजवाहिन्यांना तो धोका पुष्कळ कमी आहे. इंटरनेट महिनोन् महिने बंद पडणार, ही बातमीही तशीच. संगीता अब्दू ज्योती या कॅलिफोर्नियातल्या संशोधिकेने २०२१ मध्ये समुद्राखालच्या केबलांवर निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकात प्रलयाचा शब्द होता. माध्यमांनी शब्द उचलला. आशियातल्या केबलांना धोका तुलनेने कमी आहे, हे त्यातच लिहिलेलं आतल्या पानावर राहिलं. आभाळातून खोडाळ्याच्या माणसाला खरंच मारते ती वीज. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप तिची पूर्वसूचना देतं, आणि त्यालाही ती रेंजची दांडी लागतेच.

आपल्या अक्षांशावर मार बसतो तो वरच्या थरांना, म्हणजे रेडिओ लहरी, उपग्रह, जीपीएस यांना. आता काकांच्या गावात फिरून बघा, यांना थेट किंवा मोबाईलच्या मनोऱ्यामार्फत बांधलेलं काय काय आहे. रेशनच्या दुकानातलं अंगठ्याचं मशीन. बँकेच्या माणसाकडचं पैसे काढायचं मशीन, ज्यावर रोजगार हमीची मजुरी येते. रुग्णवाहिकेतल्या मोबाईलवरचा नकाशा. १८५९ मध्ये इथे एकही तार नव्हती, १९७९ मध्ये एक ट्रान्झिस्टर होता. आज प्रत्येक घराचा घास बिनतारी तारेला लटकलाय. जवळच्या कोचाळ्याच्या मध्य वैतरणा धरणातून मुंबईला पाणी जातं आणि इथल्या पाड्यांवर मे महिन्यात टँकरची वाट बघतात. उलट दिशेने, मुंबईहून इकडे, बातमी येते. ती ज्या मनोऱ्यावरून येते, तोच मनोरा मोठ्या वादळात मुका होऊ शकतो. म्हणजे ती बातमी वादळाच्या दिवशी येऊन काही कामाची नाही. ती वादळ नसताना यायला हवी.

"अंगठा नाही उमटला तर दुकानदार धान्य द्यायचा नाही," काका म्हणतात. "आताच रेंज नसली की उद्या या म्हणतो."

"किती दिवस चालेल तुमचं?"

"नागली असंल तवर."

२ सप्टेंबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून सूर्यावर नजर ठेवणारं भारताचं यान 'आदित्य एल-१' निघालं. कुलाब्याच्या त्या सकाळीला त्या दिवशी बरोबर १६४ वर्षं झाली. सूर्याची अतिनील चित्रं घेणारी त्यावरची दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या केंद्रात घडली. पंधरा लाख किलोमीटरवरच्या आपल्या ठाण्यावर ते पोचलं ६ जानेवारी २०२४ ला. ६ जानेवारी म्हणजे 'दर्पण' निघाल्याचा दिवस, आपला पत्रकार दिन. योगायोगात अर्थ शोधू नये, हे मलाही कळतं. पण बाळशास्त्रींनी ही तारीख नक्की छापली असती. आदित्यसारखं यान ढग स्वतःवरून गेल्याचं कळवतं, तेव्हा आपल्या हातात एरवी पाऊण-एक तास असतो. १८५९ सारखं वेगवान वादळ आलं तर दहा-पंधरा मिनिटं. तेवढ्यात बातमी नाक्यावरच्या टपरीपर्यंत येईल, पाड्यापर्यंत पोचणार नाही.

मोठी वादळं बऱ्याचदा सूर्याच्या खवळण्याच्या चक्राचा भर ओसरू लागल्यावर येतात. २००३ चं मोठं वादळ तसंच आलं होतं, चक्राचं शिखर उलटून दोनेक वर्षांनी. म्हणून जिल्ह्याच्या पानांवर लिहिणाऱ्या बातमीदारांना एक विनंती. पृथ्वीला ज्वाळांत गुंडाळणारं ते चित्र एकदा वगळा आणि त्या जागेत तहसीलदारांना, पुरवठा अधिकाऱ्याला विचारून एवढंच छापा, की मशीन चार दिवस बंद राहिलं तर खोडाळ्याच्या माणसाला अंगठ्याशिवाय धान्य कोण देणार, कुठल्या वहीत सही घेऊन. हा मजकूर कुठल्या ग्रुपवर पुढे पाठवणार असाल, तर जरूर पाठवा. साडेबारा ते साडेतीन ही वेळ तेवढी गाळा.